मंगळवारच्या पेस्ट्र्या रविवारी

याकोपो मेंगारेल्ली ऑगस्टमध्ये मोन्तेसाल्वाला आला तेव्हा त्याच्या बॅगेत बुटांचे चार जोड होते आणि तोंडात शब्द एकही नव्हता. उत्तरेतल्या एका बड्या फुटबॉल क्लबाने त्याला वर्षभरासाठी आम्हाला उसना दिला होता. असे उसने पोरगे दर वर्षी येतात. आमच्यासारख्या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबात चार लाथा खातात, दोन गोष्टी शिकतात आणि जातात. मी त्यांच्या जर्सी धुतो, बुटांचे स्टड बदलतो आणि त्यांची नावं विसरतो. सत्तावीस वर्षं या क्लबाचं किट सांभाळतोय. त्याआधी नऊ वर्षं इथेच डाव्या बाजूला बचावाला खेळलो, तेव्हा बचाव कशाशी खातात हे मला कुणी सांगायला येऊ नये.

पहिल्याच सरावाला मी कुंपणाला टेकून उभा होतो, हातात कॉफी. अर्ध्या तासात ती गार झाली आणि माझ्या लक्षातही आलं नाही. चेंडू जिथे जाणार तिथे हा एकोणीस वर्षांचा पोरगा आधीच जाऊन उभा असायचा. धावपळ नाही, घसरणं नाही, कुणाची जर्सी ओढणं नाही. पुढून येणारा आपला आपणच त्याच्या पायात चेंडू आणून देतोय असं वाटायचं. सत्तावीस वर्षांत असा बचावपटू मी दुसरा पाहिला नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी फक्त "बरा आहे" एवढंच म्हणालो होतो.

पण मुका. आणि मधल्या बचावपटूला मुकं राहून चालत नाही. सगळं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतं, त्याने "बाहेर" म्हणून आवाज दिला की चौघांची फळी एका पावलात पुढे सरकते आणि समोरचा ऑफसाइडमध्ये अडकतो. आवाज अर्धा क्षण उशिरा आला की गोल. याकोपोचं "बाहेर" ऐकून आमचा गोलकीपर म्हणाला होता, "त्यापेक्षा पत्र टाक, मंगळवारपर्यंत मिळेल."

सरावात त्याच्या शेजारी खेळायचा आमचा कप्तान, रुज्जेरो तोंबोलिनी. छत्तीस वर्षांचा, गेली अकरा वर्षं आमच्याकडे. तो ओरडला की मैदानामागच्या इमारतीत गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायाही एक पाऊल मागे सरायच्या. नवीन पोरांशी तो महिना महिना बोलत नसे. याकोपोला त्याने पहिल्या दिवशी फक्त एक वाक्य ऐकवलं, "माझ्या खुंटीला तुझा टॉवेल लावायचा नाही."

मग मीच पोराला हाताशी धरलं. सराव संपला की त्याला किटच्या खोलीत न्यायचो, कपडे धुण्याचं मोठं मशीन सुरू करायचो आणि ते पिळायला लागलं, की त्याला दाराशी उभा करून मी पलीकडच्या कोपऱ्यात जायचो. म्हणायचो, ओरड. मला इथे ऐकू आलं पाहिजे. पहिले चार महिने मला फक्त मशीन ऐकू आलं. डिसेंबरमध्ये एकदा "बाहेर" अर्धं ऐकू आलं आणि मला इतका आनंद झाला की त्याच्या अंगावर मी ओला मोजा फेकला.

तरी जानेवारी संपत आला आणि पोरगा एक मिनिटही खेळला नव्हता. रुज्जेरो एका बाजूला, दुसऱ्या बाजूला आमचा ठरलेला गडी, मध्ये जागाच नाही. आणि मुदत जवळ येत चालली होती. खेळाडूंची देवघेव सोमवारी संध्याकाळी बंद होणार होती. उत्तरेच्या क्लबाने स्पष्ट कळवलं होतं की रविवारी आमचा माणूस येईल. पोरगा खेळला आणि त्याला बरा दिसला तर राहू दे तिथेच, नाही खेळला तर सोमवारी परत घेऊ आणि कुठल्या तरी हौशी संघात सोडून देऊ. त्याचा करार जूनमध्ये संपत होता. हौशी संघात एकदा गेलेला पोरगा परत वर आलेला मी तरी पाहिलेला नाही. थोडक्यात, जे काही व्हायचं ते रविवारीच व्हायचं होतं.

आणि शुक्रवारी चक्क नशीब उघडलं. रुज्जेरोच्या जोडीदाराचं पाचवं पिवळं कार्ड झालं होतं, म्हणून तो एका सामन्यासाठी बाहेर. मिस्टर फालास्का, आमचे प्रशिक्षक (प्रशिक्षकाला इथे सगळे मिस्टरच म्हणतात), किटच्या खोलीत डोकावले आणि चौतीस नंबरची जर्सी इस्त्री करून ठेव म्हणाले. चौतीस याकोपोची. मी तिला दोनदा इस्त्री केली.

पोराने त्या संध्याकाळी आईला फोन केला. लोरेदानाबाईंचं अब्रुत्सोच्या डोंगरात मिठाईचं छोटं दुकान, नवरा नाही, पोरगा एकच. त्याने तिला आमची रीत सांगितली: पहिला सामना खेळला, पहिला गोल केला, लाल कार्ड मिळालं किंवा क्लब सोडून चालला, की सगळ्यांना पेस्ट्र्या द्याव्या लागतात. पहिल्या सामन्याच्या पेस्ट्र्या तो खेळून झाल्यावर, मंगळवारच्या सरावाला. हे त्याने सांगितलं होतं, नीट सांगितलं होतं, असं तो नंतर शपथेवर म्हणत होता.

रविवारी बाराच्या सुमारास मी फाटकाशी पाण्याच्या बाटल्या उतरवून घेत होतो. एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरली. हातात सोनेरी कागदात बांधलेला एवढा मोठा ट्रे की तिचा चेहरा दिसेना.

"तुम्ही इव्हो ना? मशीनवाले?" ती म्हणाली. "मी याकोपोची आई. हे घ्या, क्रीमच्या वेगळ्या आहेत, रिकोटा चीजच्या वेगळ्या, ट्रे तिरका धरू नका."

मी जागीच थिजलो. त्यांना सांगितलं, बाई, हे मंगळवारी. त्या म्हणाल्या, मंगळवारी कसं? सोमवारी दुकान बंद, मंगळवारी शिळं क्रीम देऊ होय? आणि रविवारी कुणाच्या दारी जायचं ते रिकाम्या हाताने? त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं चूक नव्हतं. आमच्या देशात रविवारी दुपारी पेस्ट्रीचं पुडकं हातात घेतल्याशिवाय कुणी कुणाकडे जेवायला जात नाही. त्यांच्या दृष्टीने मुलाच्या घरी आज जेवण होतं.

पण न खेळलेल्या सामन्याच्या पेस्ट्र्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये येणं म्हणजे केवढा अपशकुन, हे मी त्यांना कसं समजावणार? मिस्टर फालास्का शिकलेला माणूस, लॅपटॉपवर रंगीत बाण काढून खेळ समजावतात. पण रस्त्यात काळं मांजर आडवं गेलं तर गाडी वळवून दुसऱ्या रस्त्याने येतात, हेही मला माहीत होतं. मी ट्रे घेतला, बाईंना त्यांची जागा दाखवली आणि मागच्या दाराने येऊन ट्रे माझ्या टेबलाखाली सारला. वर सहा टॉवेल टाकले. हुशारी केली असं मला वाटलं. मूर्ख मी. ड्रेसिंग रूमच्या इतक्या जवळ टॉवेलांखाली लपवलेली वस्तू म्हणजे टॉवेल लागेपर्यंतची वस्तू.

दीड वाजता गोलकीपरला टॉवेल लागला.

तो ट्रे घेऊनच ड्रेसिंग रूममध्ये आला, हसत हसत, आणि वरचं कार्ड मोठ्याने वाचलं: "माझ्या याकोपोच्या पहिल्या सामन्यासाठी, सगळ्यांना. आई." वाचता वाचताच त्याचं हसणं गळालं.  मग अपशकुन टळावा म्हणून सगळ्यांचे हात एकदम लोखंड शोधायला निघाले. कुणी खुंटी धरली, कुणी रेडिएटर, कुणी बुटाचे स्टड. काहींनी जिथे हात नेला ते मी इथे लिहीत नाही.

याकोपो बाकावर बसला होता, चौतीस नंबर अंगात घालून. कानापर्यंत लाल झाला. 

मिस्टर दारात उभे होते. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग हातातल्या संघाच्या यादीकडे पाहिलं. यादी रेफ्रीकडे जायला दहा मिनिटं होती. त्यांनी खिशातून पेन काढलं. ते आमच्या मधल्या फळीतल्या एका धटिंगणाकडे वळून अगदी हळू आवाजात विचारायला लागले, की मागे एकदा तू बचावाला खेळला होतास ना, आज जमेल का?  सहा महिने मशीनवर ओरडलेला पोरगा आणि त्याचं आयुष्य एका क्रीमच्या ट्रेपायी चाललं होतं, आणि ट्रे लपवणारा मी होतो. मी पुढे होऊन म्हणालो, मिस्टर, चूक माझी आहे. त्यांनी ऐकलंही नाही. चुकीचा प्रश्न नव्हताच, अपशकुनाचा होता.

तेवढ्यात रुज्जेरो उठला. एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा. लंगडत लंगडत ट्रेपर्यंत गेला, कार्ड उचललं, दुमडलं आणि मोज्यात खोचलं.

"हे कार्ड चुकून लागलंय," तो म्हणाला. "पेस्ट्र्या माझ्या आहेत. याच्या आईच्या दुकानात मी सांगितल्या होत्या."

"तुझ्या कशाच्या?" मिस्टर म्हणाले.

"निरोपाच्या. आज माझा शेवटचा सामना. जाणारा माणूस त्याच दिवशी देतो. मंगळवारी तो असतो कुठे?"

"जानेवारीत? तुझा करार जूनपर्यंत आहे."

"गुडघ्याला कॅलेंडर वाचता येत नाही, मिस्टर."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. अकरा वर्षांत रुज्जेरोने कुणाला साधी कॉफी पाजली नव्हती. दोन लाल कार्डांच्या पेस्ट्र्या तो अजून देणं लागत होता. तो अब्रुत्सोच्या डोंगरातून ऑर्डर देऊन ट्रे मागवणार? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पण खोटं असो की खरं, कप्तानाने ते भर ड्रेसिंग रूममध्ये मोठ्याने म्हटलं होतं, आणि आता त्या पेस्ट्र्यांना एक धनी होता. मिस्टरांना हवी होती तीच पळवाट मिळाली. त्यांनी रेडिएटरला दोन बोटं लावली, पेन खिशात घातलं आणि यादी माझ्या हातात दिली. मी ती रेफ्रीच्या खोलीपर्यंत अक्षरशः पळत नेली, त्यांचं मन पुन्हा फिरायच्या आत. परत येताना मनात म्हटलं, काय थापाड्या आहे हा रुज्जेरो, आणि काय सोन्यासारखा माणूस.

समोर किनाऱ्यावरचा संघ होता, गुणतक्त्यात पहिला. त्यांचा नऊ नंबरचा खेळाडू म्हणजे दोन पायांवर चालणारं कपाट, पण वेगवान. विसाव्या मिनिटाला लांबून चेंडू आला. ओरडायची पाळी याकोपोची होती. तो अचूक जागी होता, त्याने अचूक पाहिलं, आणि तोंडातून काही आलं नाही. फळी जिथल्या तिथे. कपाट मोकळं सुटलं आणि चेंडू खांबावर आदळला. खांबाचा तो आवाज माझ्या दातांत घुमला. रुज्जेरोने याकोपोला जे काही सुनावलं ते स्टँडमधल्या लोरेदानाबाईंनाही ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मध्यंतरात पोरगा माझ्याजवळ पाणी प्यायला आला. मी त्याला फार काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की मशीन बंद आहे, आता सगळ्यांना ऐकू येईल.

उत्तरार्धात तो सुटला. खरंच सुटला. एकसष्टाव्या मिनिटाला त्याने कपाटाच्या पायातून चेंडू असा अलगद काढून घेतला की ते बिचारं दोन पावलं तसंच धावत राहिलं. मान वर करून त्याने उजवीकडे लांब पास दिला, तिथून मध्ये, मध्यातून जाळ्यात. एक शून्य. बाकावरून उडी मारताना मी पाण्याचा अख्खा क्रेट लाथाडला. याकोपो स्वतः मात्र जल्लोष करायला गेलाच नाही. आपल्या जागी परत येऊन उभा राहिला आणि बोटांनी फळी मोजायला लागला. तेव्हा मला कळलं, की हा मोठा होणार.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला रुज्जेरो खाली बसला. कुणी धक्का दिला नव्हता. नुसता वळला आणि बसला. त्याने बाकाकडे पाहून हात हलवला, मिस्टरांनी तो मधल्या फळीतला धटिंगण आत पाठवला. बाहेर येताना रुज्जेरो वाट वाकडी करून याकोपोपाशी गेला. दंडावरचा कप्तानाचा पट्टा त्याने धटिंगणाला दिला, पण बोलला याकोपोशी. "आता ओरडायचं काम तुझं," म्हणाला. "माझी वाट बघू नकोस."

तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी बर्फाची पिशवी घेतली, गुडघ्यावरची पट्टी सोडली आणि थबकलो. गुडघा खरबुजाएवढा सुजला होता, आणि ती सूज आजची नव्हती. मी सत्तावीस वर्षं गुडघे पाहतोय.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"गुरुवारी डॉक्टरकडे गेलो होतो." तो मैदानाकडेच पाहत होता. "आत काही उरलं नाही म्हणाले. एक सामना खेळायचा तर खेळ, पुढे मुलींना शाळेत सोडायला चालता आलं तर पुष्कळ."

"म्हणजे त्या पेस्ट्र्या—"

"पेस्ट्र्या बाईंच्याच. बाकी मी एक शब्द खोटा बोललो नाही, इव्हो. रात्री जेवताना सगळ्यांना सांगणार होतो. थोडं आधी सांगितलं, एवढंच."

मी बर्फाची पिशवी त्याच्या गुडघ्यावर दाबली.  चौऱ्याऐंशीवं मिनिट होतं, त्यांच्या गोलकीपरने चेंडू हाताने पुढे टाकला, त्यांच्या मधल्या फळीतल्या एकाने मान वर केली, आणि कपाट आमच्या फळीच्या खांद्याला खांदा लावून निघायच्या तयारीत.  रुज्जेरोचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला.

"बाहेर!"

मी गावातला प्रत्येक आवाज ओळखतो. हा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता. चारही जण एका पावलात पुढे सरकले. चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला, कपाट एकटंच धावलं, एकट्यानेच गोल मारला आणि एकट्यानेच वळून पाहिलं तर लाइन्समनचं ऑफसाइडचं निशाण वर होतं. सगळं स्टँड उभं राहिलं. मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या एका बाईने उशीचा अभ्रा हवेत फिरवला.

रुज्जेरोने माझं मनगट सोडलं नाही. त्यानंतरची दहा मिनिटं पोरगा नुसता ओरडत होता. बाहेर, डावीकडे, माझा, सोड, धर. बापाच्या वयाच्या धटिंगणाला त्याने इकडून तिकडे पळवलं. प्रत्येक हाकेला रुज्जेरो मान डोलवत होता आणि दोनदा तो स्वतःही ओठांतल्या ओठांत तीच हाक बोलला. याकोपोच्या आधी अर्धा क्षण नाही, मागूनही नाही. बरोबर त्याच वेळी.

शिट्टी वाजली. एक शून्य. सगळे एकमेकांच्या अंगावर. स्टँडच्या पायरीवर करड्या कोटातला उत्तरेचा माणूस फोन कानाला लावून उभा होता. थोड्या वेळाने आमच्या क्लबाचे सेक्रेटरी त्याच्याशी हात मिळवून धावत खाली आले आणि मिस्टरांना म्हणाले, पोरगा इथेच राहतोय, आणि त्यांनी करारही दोन वर्षांनी वाढवायचं तोंडी सांगितलंय. मिस्टरांनी आधी लोखंड धरलं, मग सेक्रेटरींना मिठी मारली.

याकोपो सगळ्यांच्या तावडीतून सुटून थेट आमच्या बाकापाशी आला. केस घामाने चिकटलेले, गुडघ्यावर चिखल, डोळे एवढे चमकत होते की बघवेना. तोंड उघडलं तर घशातून नुसती खरखर. आवाज पार बसला होता.

"कप्तान," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. एवढं मोठं खोटं."

मी बोलायला तोंड उघडलं. रुज्जेरोने चांगल्या पायाने माझ्या पायावर बूट ठेवला, स्टडसकट.

"मग काय करणार," तो म्हणाला. "खोटंच ते. तुझ्या त्या मिस्टरला दुसरं काय चाललं असतं?"

"म्हणजे तुम्ही मंगळवारी सरावाला—"

"मंगळवारचं मंगळवारी. जा आता, आई केव्हाची उभी आहे."

पोराने वाकून त्याला घट्ट मिठी मारली, मग जाहिरातीच्या फळ्यावरून उडी मारली आणि तीन तीन पायऱ्या ओलांडत वर पळाला. लोरेदानाबाई खाली येत होत्या, तो वर जात होता, मधल्या पायरीवर दोघं एकमेकांवर आदळले. बाई त्याला काहीतरी विचारत होत्या आणि तो नुसता हातवारे करून सांगत होता.

रुज्जेरो ते पाहत बसला. मीही बसलो. माझ्या बोटांवरून बर्फाचं पाणी गळत होतं. मैदान रिकामं व्हायला लागलं तेव्हा त्याने माझ्यापुढे हात केला आणि मी त्याला उठवलं.